खांबाची टोपी

"बाई, या खांबाला कुणी हात लावायचा नाही," मार्तंड सुरी पुसत म्हणाला. "दुपारी कामाचे इंजिनिअर साहेब येतील. त्यांना हाच दाखवायचा."

मनकर्णेने पदर दातात धरला. आखाडा बाळापूरजवळच्या या आटलेल्या तळ्यात एवढे खांब उभे, आणि याला नेमका तिचाच सापडावा!

दुष्काळी कामावर तळं खोदताना मध्ये मूळ तळाच्या मातीचा एकेक खांब सोडायचा आणि त्याच्या उंचीवरून टोळीची मजुरी मोजायची, ही निजाम सरकारची रीत. खांबाच्या डोक्यावर खड्ड्यातली ओली माती हातभर थापून वर वाळकं गवत रोवायचं, ही टोळ्यांची रीत. याला टोपी म्हणत. नवरा गेल्यापासून मनकर्णाच टोळीची मुकादम होती आणि तिची टोपी खांबाला जन्मजात असल्यासारखी शोभे. मोजणीचे कारकून विष्णुपंत फीत टोपीवरूनच सोडत. दिवाळीला मनकर्णेच्या घरचं तूप त्यांना फार शुद्ध लागे.

हैदराबादच्या कॉलेजातून आलेल्या मार्तंडला मजुरीशी घेणं नव्हतं. तो खांबाची एक बाजू कापून गाळाचे थर वाचत होता. गोगलगायींचे शंख म्हणजे तळं भरलेलं. शंख नाहीत, भेगा आणि गवताचं बी आहे, म्हणजे कोरडं. तळं पूर्वी आटत होतं का, एवढंच साहेबांना त्याच्याकडून हवं होतं. आटत असेल तर आणखी खोल करायचं. नसेल तर यंदाचं साल अपवाद, काम बंद.

"मंग काय म्हणून राहिलं तळं, मास्तर?" मनकर्णेने विचारलं.

"हा काळा थर बघा, भेगांचा. तेव्हा आटलं होतं. पण त्याच्यावर हातभर शंखच शंख! एवढा गाळ साचायला पिढ्या जातात. तुमच्या पणज्यापासून तळं आटलेलंच नाही."

"म्हंजी काम बंद?" टोळीतल्या रुख्मिणीबाईने डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"बहुतेक!" मार्तंड हसतच म्हणाला. शोधाच्या आनंदात त्याला समोरच्या बायांची तोंडं दिसली नाहीत.

विष्णुपंतांनी मनकर्णेला बाजूला घेतलं. "गप्प राहा. हे बंद झालं तर दुसरं काम निघेल. टोपी निघाली तर तुझी टोळी जाईल अन् माझी नोकरी."

"दुसरं कुठं निघून राहिलं, पंत? तुमच्या परसात?"

बांधावर मोटारीचा धुरळा उठला.

मनकर्णा काळ्या थराकडे बघत राहिली. पणज्याचा कसला? याच भेगांवरून ती लेकराला कडेवर घेऊन पाणी शोधत गेली होती. परतताना कडेवर काही नव्हतं.

साहेब खाली उतरले. विष्णुपंतांनी फीत सोडली. मार्तंडने बोलायला तोंड उघडलं, आणि मनकर्णेने फावडं आडवं मारलं. टोपी उडाली.

"अगं, काय केलंस!" विष्णुपंत ओरडले.

"ही आमची माती, सायेब. खालच्या खड्ड्यातली. तळ्याची इथून खाली." तिने फावडं भेगांच्या थराला टेकवलं. "हे माझ्या डोळ्यादेखत झालं. माझं लेकरू त्याच साली गेलं."

मार्तंड खाली वाकला. फुटलेल्या टोपीत जुनाट शंखांच्या बरोबरीने हिरव्या बांगडीचा ताजा तुकडा होता. त्याने वर पाहिलं. टोळीतल्या बायांनी हात पदराआड घेतले. कुणी हसलं नाही. मार्तंडने सकाळी टोपीतून वेचून बांधलेल्या शंखांच्या पुड्या एकेक करून सोडल्या आणि खड्ड्यात ओतल्या.

"साहेब, भेगांवर बोटभरच गाळ आहे," तो म्हणाला. "तळं अलीकडेच आटलंय. परत आटेल. खोल करावं लागेल."

साहेबांनी फुटलेली टोपी बुटाने बाजूला सारली.

"काम चालू राहील. टोळीही राहील. मुकादम बदला. फीत पुन्हा धरा."

विष्णुपंतांच्या फितीने त्या दिवशी पहिल्यांदा खरं सांगितलं. पुढं त्यांची हट्टा गावी बदली झाली. तूप मात्र इकडंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मनकर्णा नव्या मुकादम रुख्मिणीबाईच्या मागे पाटी वाहत होती. मार्तंडने काळ्या थराचा तुकडा ओल्या फडक्यात बांधला आणि तिला थांबवलं.

"मनकर्णाबाई, ते साल कोणतं? चिठ्ठीवर लिहायचंय."

"साल न्हाई ठाऊक, मास्तर."

तिने पाटी एका हाताने सावरली आणि दुसरा हात त्या कमरेएवढ्या बोडक्या खांबाच्या डोक्यावर ठेवला.

"लेकरू एवढं होतं," ती म्हणाली, आणि रांगेत पुढं गेली.