ओढणीमागचे शब्द

“फणस.”

“फणस,” रूपा म्हणाली.

“सासू.”

“सासू.”

“त्यो तर बहिऱ्यालाबी ऐकू येतो गं!” मागून ठमाबाई ओरडली. निजामपुऱ्याच्या समाजमंदिरात जमलेल्या कांडीवाल्या बायका खळखळून हसल्या. लूमसाठी कांड्यांवर सूत भरणाऱ्या या बायकांचं साधं बोलणंही ओरडूनच.

कान तपासणाऱ्या डॉक्टर यामिनीताई मात्र हसल्या नाहीत. त्या दबक्या आवाजात शब्द म्हणत होत्या आणि एकूण एक बाई बिनचूक उत्तर देत होती. कारखान्यात आईजवळ झोळीत निजणाऱ्या बाळांसाठी पाळणाघर मागायला यामिनीताईच महापालिकेत गेल्या होत्या. “लूमच्या आवाजानं इथे कुणाचे कान बिघडलेत ते दाखवा, मग बघू,” तिथले साहेब म्हणाले होते. आता दाखवायला काहीच नव्हतं.

रूपाचा जीव भांड्यात पडला होता. सकाळीच कारखान्याच्या शेठनं बजावलं होतं, “जिसको सुनाई नहीं देता, वो घर बैठे.” घरी बसून कसं चालेल? मांडीवरची तान्ही मेघाली तिच्या बांगड्या चोखत होती.

तेवढ्यात यामिनीताईंना शिंका सुरू झाल्या. बायकांच्या केसांत, पदरांत अडकलेले कापसाचे तंतू नाकात गेले असावेत. त्यांनी ओढणी नाकातोंडावरून बांधली आणि पुन्हा सुरुवात केली.

रूपा बघत राहिली. ओढणी हलत होती. शब्द कुठेच नव्हता. यामिनीताईंच्या भुवया वर गेल्या, म्हणजे त्यांनी काहीतरी विचारलं असणार.

ओढणी खाली आली. “तुम्ही माझे ओठ वाचत होता?”

“मंग? कारखान्यात कोन कानानी ऐकतो?”

यामिनीताईंनी आधीच्या सगळ्या नोंदींवर काट मारली. मग म्हणाल्या, “आता सगळ्यांना परत तपासते, ओढणी बांधूनच. खरं असेल ते सांगा.”

ठमाबाईनं रूपाला कोपरानं ढोसलं. “ठोक काहीबी अंदाजानं. शेठ काढंल.”

रूपानं मेघालीकडे पाहिलं. लूमच्या दणदणाटातही झोळीत कशी शांत झोपते, गुणाची पोर, असं सगळे म्हणत. आज त्या कौतुकाचा तिला चटका बसला.

“लिवा, ताई,” ती म्हणाली. “मना न्हाय ऐकू येत.”

कुणीच हसलं नाही. मग ठमाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. “माझंबी लिवा. आन् काढू दे शेठला सगल्यांना. कांड्या काय त्याची आई भरंल?”

एकेक बाई पुढे झाली.

यामिनीताईंनी यंत्र आणून सगळ्या बायकांचे कान तपासले. लूमपासून लांबच्या वस्तीतल्या बायकांचेही तपासले. दोन्हीकडचे आलेख शेजारी शेजारी मांडल्यावर साहेबांनी आणखी काही विचारलं नाही. पाळणाघर मंजूर झालं, कारखान्यापासून दोन गल्ल्या सोडून. कामगारांची दरवर्षी तपासणी, आवाज अडवायला कानात घालायचे बोळे, आणि तपासणीवरून कुणालाही कामावरून काढायचं नाही, हेही ठरावात आलं. त्या दिवशी ठमाबाईनं अख्ख्या गल्लीला जिलबी वाटली, शेठलासुद्धा.

पाळणाघरात बाळांचे कान तपासताना पहिला नंबर मेघालीचा लागला. रूपा तिला समोर धरून बसली. यामिनीताई खुळखुळा घेऊन बाळाच्या मागे, एका बाजूला उभ्या राहिल्या.

खुळखुळा रूपाला ऐकू आला नाही. तिला दिसली ती मेघालीची मान, झटकन मागे वळलेली.

“परत वाजवा ना, ताई,” ती म्हणाली.