निळ्या दोऱ्याचं फूल

प्रभुदास मास्तर मला बघायला आले, ते हातात कळलावीचं फूल घेऊन. १९४६ सालचा ऑगस्ट होता. कर्जतजवळच्या आमच्या गावात तेव्हा कुंपणाकुंपणावर ही वेल चढलेली असायची. मास्तर जामखेडला मिशनच्या शाळेत निसर्गपाठ शिकवायचे. मोटारीतून उतरून चालत येताना त्यांना ती दिसली आणि त्यांनी फूल तोडलं.

उंबऱ्यातच राहीआत्या कडाडली, "मास्तर, ते भाईर टाका! कळलावी घरात आनली की भांडनं लागत्यात."

घर ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झाल्या होत्या, पण कळलावीचा बाप्तिस्मा काही झाला नव्हता.

मास्तर ओशाळले. फूल बाहेर ठेवून आले आणि सावरायला म्हणून वही उघडून बसले. दोन पानांवर दोन वाळवलेली फुलं, देठापाल्यासकट. "हिच्या दोन जाती. ही पिवळी, ही लाल."

माणूस मला बघताक्षणी आवडला होता. म्हणूनच त्याची चूक सहन होईना.

"जात एकच," मी म्हटलं. "पाल्याची टोकं बघा, दोन्हीकडं सारखीच वळलीत. वेल त्यांनीच कुंपण धरते. फूल पिवळं उमलतं, मग लाल होतं."

"मी चार वर्षं शिकवतोय."

"मी वीस वर्षं बघतेय!"

आवाज चढले, चहा निवला. वडील आढ्याकडं बघत बसले. शेवटी मी तणतणत उठले आणि कुंपणावर नुकत्याच उमललेल्या पिवळ्या फुलाच्या देठाला निळा दोरा बांधला. "पुढच्या रविवारी येऊन बघा."

बोलले आणि जीभ चावली. एवढं ऐकून घेतल्यावर कोण परत येतं?

आठवडाभर फूल रंगत गेलं आणि माझा जीव खालीवर होत राहिला. मीच हरले असते तर बरं झालं असतं, असंही वाटलं. आत्याचं एकच पालुपद, "तरी सांगत हुते!"

रविवारी उपासना संपवून आम्ही घरी येतोय, तर मास्तर कुंपणाशी उभे. निळ्या दोऱ्याचं फूल लालभडक झालं होतं. त्यांनी वही काढली, एका पानावरचं नाव खोडलं आणि दोन्ही फुलं एकाच पानावर लावली.

मग हसत घरात आले. "आत्याबाई, तुमचंच खरं. भांडण लागलं."

"मंग आता वो?"

"आता काय? लग्नाआधीच उरकलं. पाळकसाहेबांना तारीख विचारा."