बावन्नचे पंचवीस

“पुन्हा पंचवीसच,” महेश्वरी नवऱ्याला म्हणाली.

काळ्या पडद्यावर दोनच आकडे उमटले होते, २ आणि ५. शंभुलिंगनं डावी मूठ टेबलावर आपटली. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता.

उमरग्याच्या एका खासगी तंत्रनिकेतनात तो सव्वीस वर्षं संगणक प्रयोगशाळा सांभाळत होता. विंडोज जागं होण्याआधी यंत्राला पहिलं काम सांगणारा चिमुकला प्रोग्राम यंत्राच्याच भाषेत कसा लिहायचा, हे तो दरवर्षी पोरांना शिकवायचा. एक संख्या दहानं भागत तिचे अंक सुटे करायचे आणि पडद्यावर छापून दाखवायचे, एवढाच त्यातला पहिला धडा. दिवाळीनंतर अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. आता चार महिन्यांनी तो तोच धडा डाव्या बोटानं एकेक अक्षर दाबत लिहीत होता. लॅपटॉपवर लिहायचं, पेनड्राइव्हवर उतरवायचं, त्यावरून जुना संगणक सुरू करायचा. बावन्न छाप म्हटलं की यंत्र पंचवीस छापायचं.

शंभुलिंगचा थोरला भाऊ बंडप्पा दारात उभा होता. “महेश्वरी, कशाला छळायलीस त्याला? डोकं चालंना झालंय त्याचं. सोमवारी कॉलेजचा माणूस नोकरी सोडायचा कागद घेऊन यायलाय. अंगठा लावून मोकळं करू.”

“समोर बसलेत ते, भाऊजी. ऐकायलेत.”

“ऐकतंय व्हय. पर कळतंय का?”

समज किती उरलीय ते हळूहळू दिसेल, असं डॉक्टर म्हणाले होते. चार महिने महेश्वरी त्याच्या डोळ्यांत तेच शोधत होती.

ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवायची. दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात संख्या सांगून लिहून घेतल्या. हर्षाली नावाच्या मुलीनं बावन्नला पंचवीस लिहिलं.

“असं का गं?”

“बा आधी ऐकू आलं, बाई. म्हणून दोन आधी लिवला.”

महेश्वरीनं हातातल्या खडूनं फळ्यावर आधी २ लिहिला, मग त्याच्यापुढं ५.

घरी येताच ती नवऱ्याजवळ बसली. “अहो, तुमचं मशीन माझ्या पहिलीच्या पोरींसारखं करायलंय. बावन्नला दहानं भागलं की बाकी दोन उरते. ती पहिल्यांदा हाती येते, अन् हे लगेच लिहून मोकळं होतंय. मी पोरींना सांगते, ऐकलेला दोन मुठीत धरा, पाचाला पुढं जाऊ द्या, मग मूठ उघडा.”

शंभुलिंग तिच्याकडे बघत राहिला. मग नजर पडद्याकडे वळली. त्यानं एक ओळ खोडली आणि तिथं दुसरी लिहिली. आलेली बाकी छापायची नाही, एकावर एक रचून ठेवायची, शेवटी वरून उचलायची.

संगणक सुरू झाला. बावन्न उमटलंही असेल, पण मागोमाग वेड्यावाकड्या चिन्हांच्या रांगा धावू लागल्या. महेश्वरीनं बंद करायच्या बटणाकडे हात नेला. त्यानं तिचं मनगट धरून बाजूला सारलं, मग दोन बोटं वर केली आणि लॅपटॉपवरच्या प्रोग्रामवर टेकवली. दोन रचले, तर दोनच उचलायचे, हे यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला ते उमगलं नाही. त्याला उमगलं होतं. मोजणी ठेवणाऱ्या दोन ओळी लिहायला त्याला अर्धा तास लागला.

५२. पुढं काही नाही.

त्यानं पाचाखाली बोट ठेवलं, मग दोनाखाली. ओठ हलले. “ऐवत्... तेरडु.”

लहानपणीच्या कानडीतलं बावन्न, त्यात पन्नास आधी येतात, दोन मागून. चार महिन्यांतला पहिला शब्द.

“व्हय,” महेश्वरी म्हणाली, “बावन्न.” आणि पदर तोंडाशी धरून उठली.

सोमवारी कॉलेजातले लिपिक गोरोबा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज घेऊन आले. बंडप्पानं शाईचा पॅड उघडला. शंभुलिंगनं तो बाजूला सारला आणि अर्ज ओढून घेतला. ओळीमागून ओळ बोट सरकत गेलं. एका ठिकाणी ते थांबलं, दोनदा आपटलं. गोरोबांनी वाकून पाहिलं. नोकरीला लागल्याचं साल चुकलं होतं.

“चुकलंच, सर,” गोरोबा ओशाळून म्हणाले. त्यांनी साल दुरुस्त केलं आणि खिशातलं पेन पुढं केलं.

डाव्या हातानं शंभुलिंग सही करू लागला. पहिलंच अक्षर वाकडं गेलं. कागद टेबलावरून सरकत होता. बंडप्पा पुढं झाला आणि त्यानं तो कडेला तळहातानं दाबून धरला, सही पुरी होईपर्यंत.