दार राखणारा बुटका

यंदाच्या उन्हाळ्यात मी रोज दुपारी दवाखाना बंद ठेवून जादूच्या किल्ल्याची सातही पुस्तकं पुन्हा वाचायला घेतली. लहानपणी ताईने मला ती वाचून दाखवली होती. तिसरं पुस्तक संपलं तरी दार राखणारा बुटका येईना. माझा सगळ्यात लाडका तोच. कंदील वर धरून तो प्रत्येकाला आ करायला लावायचा आणि दात घाण असले तर राजपुत्रालाही परत पाठवायचा. सातवं पुस्तकही संपलं. बुटक्याचा पत्ताच नाही!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्यापायी तर मी दातांची डॉक्टर झाले! खुर्चीत बसून तोंड घट्ट मिटणाऱ्या प्रत्येक पोराला मी बावीस वर्षं त्याचीच गोष्ट सांगतेय, वर पुस्तकाचं नावही लिहून देतेय.

ताईला फोन लावला. "बुटका कुठाय?"

"कोण बुटका? अगं, तो होय! तू दात घासायला किती छळायचीस. मग दिला मधेच घुसवून."

"सातही पुस्तकांत? आणि इतकी वर्षं एका शब्दाने बोलली नाहीस?"

"मला वाटलं, मोठी झाल्यावर तुझं तुला कळलं असेल."

"शुद्ध फसवणूक आहे ही! तुझ्या एका थापेपायी माझं अख्खं आयुष्य लोकांच्या दाढा कोरण्यात गेलं!"

ताई शांतपणे म्हणाली, "बरं, तुझे दात कसे आहेत?"

मी फोन आपटला. अजून एकही किडलेला नाही, पण ते मी तिला मेले तरी सांगणार नाही.