फटीतली घासणी

मित्रांनो, मी एक जुनी तारेची घासणी आहे. नाव ऐकूनच काहींनी नाक मुरडले असेल. मुरडू द्या, मला त्याची सवय आहे. पण मी कुठे राहते ते सांगितले तर तुम्ही जरा सरसावून बसाल. मी एका बेकरीच्या भिंतीत राहते. भिंतीवर नव्हे, चक्क भिंतीच्या आत! सिंकखालचा पाइप जिथून भिंतीबाहेर जातो, तिथल्या फटीत मला कोंबून बसवले आहे. अशा जागी कोंबून ठेवल्यावर दुसऱ्या कुणीही कुरकुर केली असती. मी मात्र या जागेबद्दल मनोमन आभारच मानते. का ते ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाची तार ओढून ओढून चपटी केली, मग ती वळवून वळवून तिचा गुंता केला, आणि तो गुंता म्हणजे मी. जन्मापासून कुरळी. आमच्या नात्यातल्या काही घासण्या पहिल्याच पाण्यात तांबूस पडतात, पण मी गंज न चढणाऱ्या पोलादाची. हा माझा गुण नाही, ज्याने पोलाद निवडले त्याचा आहे. तरी त्याचा मला थोडा तोरा होताच, खोटे कशाला बोलू?

बेकरीच्या काकूंनी मला दुकानातून आणले. बेकरी काका-काकूंची. सारी गल्ली त्यांना काका-काकू म्हणते, म्हणून मीही तेच म्हणते. काकू भट्टी सांभाळतात, काका गल्ला आणि फरशी. हो, फरशी! काकांना स्वच्छतेचे भारी वेड. कानावर पेन्सिल खोवलेली, हातात पोछा, आणि तोंडात एकच वाक्य, "माझ्या फरशीत तोंड बघून भांग पाडा!" रोज संध्याकाळी बेकरी बंद झाली की पिठाचा कणही राहू देत नसत.

माझे काम ट्रे घासण्याचे. जळकी साखर ट्रेला अशी चिकटते की विचारू नका. मी तिच्याशी रोज झुंजत असे. काकू म्हणायच्या, "अशी घासणी पुन्हा मिळायची नाही." ते शब्द मी अजून जपून ठेवले आहेत. माणसे कौतुक करून विसरतात, घासण्या विसरत नाहीत.

पुढे माझी तार विसकटली. एक दिवस दांड्याची नवी घासणी आली, गुलाबी रंगाची. मी नळामागच्या कोपऱ्यात गेले. ओली राहिले, सुकले, पुन्हा ओली झाले. माझ्याकडे कुणी बघेना. वाईट वाटले, पण त्या कोपऱ्यातून अख्खी बेकरी दिसायची, म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

त्याच सुमारास तपासणीच्या बाई आल्या. खाद्यपदार्थांची दुकाने स्वच्छ आहेत का, ते बघणे हे त्यांचे काम. काका ऐटीत त्यांना फरशी दाखवत होते. बाईंनी फरशीकडे पाहिले, छान म्हटले, आणि सरळ पिठाच्या पोत्यामागे गुडघे टेकले. पांढऱ्या कागदावर त्यांनी काही काळे दाणे गोळा केले.

"शहाजिरं आहे हो ते," काका हसत म्हणाले. "आमच्या पावावरचं. पोत्यामागे हात पोचत नाही, राहिलं असेल."

काकांची चूक समजण्यासारखी होती. शहाजिऱ्याचा पाव ही आमच्या बेकरीची शान. वर्षानुवर्षे काळा दाणा दिसला की तो शहाजिऱ्याचाच, असे सगळ्यांनी धरून चालले होते.

बाईंनी कागद उजेडात धरला. "शहाजिऱ्यावर उभ्या रेघा असतात. या दाण्यावर एक तरी रेघ दिसते का? टोकं बघा, निमुळती. या उंदराच्या लेंड्या आहेत. झुरळाच्या याहून बारीक आणि बोथट असतात, पालीच्या टोकाला पांढरा ठिपका असतो. घुशीच्या बऱ्याच मोठ्या. म्हणजे तुमच्याकडे येतोय तो छोटा उंदीर."

काकांच्या तोंडचे पाणी पळाले. काकू भट्टी सोडून कागदावरचे दाणे बघायला पुढे आल्या.

"मी पुन्हा येणार आहे," बाई म्हणाल्या. "तेव्हाही हेच सापडलं तर बेकरीला कुलूप लावावं लागेल. मला आवडणार नाही, पण लावेन. पिठाजवळ विष मात्र अजिबात ठेवू नका. आणि मारायच्या मागे लागण्याआधी तो येतो कुठून, ते शोधा."

ती बेकरी म्हणजे काका-काकूंचे सगळे काही. तिच्यावरच त्यांचे घर चालत होते, तिच्यामुळेच गल्लीत त्यांना मान होता. तिला कुलूप लागणार या विचाराने काकूंच्या हातचे पावही त्या दिवशी बसके झाले.

मग उपाय सुरू झाले. पिंजरा आणून काकांनी तो खोलीच्या मधोमध ठेवला. मित्रांनो, उंदीर मैदानातून फिरत नाही, भिंतीला अंग घासत पळतो! पिंजरा रिकामाच राहिला. शेजारच्या शिंप्याची मांजर उसनी आणली. ती दूध प्यायली, भट्टीजवळ ताणून झोपली, आणि जाताना काकांकडे असे बघून गेली की जणू तिनेच उपकार केले. काकांनी पुसण्याचा सपाटा वाढवला. सकाळ-संध्याकाळ पोछा, वर साबणाचे पाणी. काळे दाणे मात्र पोत्यामागे येतच राहिले.

शेवटी एका संध्याकाळी काकूंनी त्यांच्या हातातला पोछा धरला.

"अहो, आज फरशी पुसू नका."

"काय?"

"झाडूही नका. उलट भिंतीच्या कडेकडेने पीठ भुरभुरवा."

"अगं, तुला बरं वाटत नाहीये का?"

"मला बरं वाटतंय. तुम्ही रोज पुसता ना, त्यात त्याच्या पावलांच्या खुणाही पुसल्या जातात. एक दिवस राहू दे घाण. बघू तरी कोण कुठून येतंय!"

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्या माणसाने आयुष्यभर पीठ पुसले, त्याला स्वतःच्या हाताने पीठ सांडायला सांगणे म्हणजे थट्टा नव्हे. पण कुलूप डोळ्यांपुढे होते. चाळणी घेऊन ते भिंतीकडेने पीठ सांडत गेले. मला त्यांची दया आली.

पहाटे कुलूप उघडले तेव्हा काका काकूंच्याही पुढे होते. पिठावर बारीक बारीक पावले उमटली होती आणि त्यांच्या मधून शेपटीची नाजूक रेघ ओढलेली. पावले पोत्यांपासून निघाली होती, भिंत धरून गल्ल्यामागून आली होती आणि सिंकखाली, काकांच्या बादली-पोछ्याच्या मागे दिसेनाशी झाली होती. सबंध बेकरीत हात पोचत असूनही काकांनी कधी न पुसलेली एकच जागा होती, ती म्हणजे बादली ठेवायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा!

"माझ्याच बादलीमागून?" काका पुटपुटले.

बादली सरकवली. मागे भिंतीत पाइप होता आणि पाइपाभोवती फट. मागच्या वर्षी जाडा लोखंडी पाइप काढून तिथे बारीक प्लास्टिकचा बसवला होता. भोक मात्र जाड्या पाइपाचेच राहिले होते. प्लंबरला बोलावले. तो वाकून बघत म्हणाला, "काकू, एवढ्याशा फटीतून काय उंदीर जाणार?"

काकूंनी काकांच्या कानावरची पेन्सिल काढली आणि फटीत सरकवली. पेन्सिल गेली, आणखी गेली आणि पलीकडे गल्लीत टप्पकन पडली.

"पेन्सिल जाते तिथून लहान उंदीरही जातो," काकू म्हणाल्या. "डोकं गेलं की बाकीचं अंग ओढून घेतो तो."

प्लंबर ओशाळून सिमेंट आणायला गेला. काका पेन्सिल आणायला गेले.

सिमेंट घेऊन प्लंबर दुसऱ्या दिवशी येणार होता, म्हणून काकांनी तोवर फटीत चिंध्या कोंबल्या. सकाळी बघतात तो चिंध्यांचा भुगा! निम्म्या तर पळवल्याही होत्या. उंदराला घरट्यासाठी आयती गादी मिळाली. काका चिडले. उरलेल्या चिंध्या त्यांनी कचऱ्याच्या डब्यात भिरकावल्या आणि त्या धडाक्यात नळामागे पडलेल्या मलाही.

डब्यात पडल्या पडल्या मी उलटी झाले. वर छत दिसत होते आणि डब्याचे झाकण अजून लागायचे होते. मित्रांनो, मी घाबरले. घासून घासून झिजावे, त्याचे दुःख नाही. पण अंगात अजून पोलाद शिल्लक असताना फेकले जाणे फार वाईट.

तेवढ्यात काकूंचा हात आत आला. "ही कुणी फेकली? अहो, तारेला उंदीर दात लावत नाही, टोचते त्याला. आणि हिला गंजही चढत नाही. हीच हवी आपल्याला!"

माझा जीव भांड्यात पडला. भांड्यांमध्ये आयुष्य काढूनही असा कधी पडला नव्हता. काकूंनी मला धुतले, ताणले, आणि पाइपाभोवती गच्च कोंबले. दाटीवाटीने बसताना माझ्या लक्षात आले, की ज्या विसकटलेपणामुळे मला बाजूला टाकले होते, तोच इथे उपयोगी पडत होता. प्लंबरने वरून सिमेंट लिंपले. माझी एक कुरळी बट तेवढी बाहेर राहिली.

बेकरीत आणखीही बदल झाले. पिठाची पोती फळ्यांवर चढली, भिंतीपासून हातभर लांब. उघड्या डब्यांना झाकणे आली. मागच्या दाराखालच्या फटीला जाड पट्टी बसली. आणि मग काकांनी आपणहून, कुणी न सांगता, पुन्हा एकदा भिंतीकडेने पीठ सांडले.

सकाळी पीठ जसेच्या तसे होते. एकही पाऊल नाही, शेपटीची रेघ नाही.

"अगं, इकडे ये! बघ, बघ फरशी!" काकांनी हाक मारली. पांढऱ्याफटक फरशीकडे ते असे कौतुकाने बघत होते की मला हसू आवरेना. काकू आल्या, त्यांनी पाहिले आणि पदराने डोळे टिपले. काका म्हणाले, "पीठ गेलं का डोळ्यात?" काकू म्हणाल्या, "हो, पीठच."

तपासणीच्या बाई ठरल्याप्रमाणे आल्या. पोत्यांमागे गेल्या, डब्यांमागे गेल्या, मग सिंकखाली टॉर्च मारला. माझ्या बटेला त्यांनी चिमटीत धरून ओढून पाहिले. मी सारे बळ एकवटून धरून राहिले. बाई हसल्या. "छान बुजवलंय," म्हणाल्या आणि जाताना शहाजिऱ्याचा पाव मागितला. कागदात बांधण्याआधी त्यांनी एक दाणा उजेडात धरून बघितला. काकूंसकट सगळे हसले.

तर अशी मी इथे आले. या सगळ्यांची मी ऋणी आहे. खरे बोलणाऱ्या त्या बाईंची, डब्यात हात घालणाऱ्या काकूंची, आणि स्वतःची लखलखीत फरशी एक दिवस घाण ठेवण्याइतके मन मोठे करणाऱ्या काकांची. पलीकडून कधी कधी उंदीर येतो. मला हुंगतो, नाकाला तार टोचली की शिंकतो आणि परत फिरतो. त्याच्याबद्दलही माझ्या मनात राग नाही. पिंजऱ्यात सापडण्यापेक्षा बाहेरून परत जाणे त्याच्याही हिताचेच.

मित्रांनो, उंदीर दिसेपर्यंत थांबू नका. एक पेन्सिल घ्या आणि आजच घरातल्या पाइपांभोवती, दारांखाली, आणि हो, तुमच्या बादलीमागेही वाकून बघा. आणि एखादी जुनी वस्तू फेकण्याआधी क्षणभर हातात धरा. तिच्यात अजून काय शिल्लक आहे, ते बघा.

फट बुजवणाऱ्याला कुणी शाबासकी देत नाही, कारण जे आलेच नाही ते कुणाला दिसत नाही. पण माझे नशीब थोर. रोज संध्याकाळी पोछा झाला की काका बादली बाजूला सरकवतात, गुडघे धरून खाली वाकतात, कानावरची पेन्सिल काढतात आणि माझ्या बटेला हळूच टोचून विचारतात, "आहेस ना गं?"

पेन्सिल आत जात नाही. हेच माझे उत्तर असते. ते त्यांना पुरते आणि मग ते निश्चिंत मनाने दिवे मालवतात.