चिमणीच्या पावलाची खूण

रुथॅन स्कॅग्ज रोज पहाटे गॅरेजचं दार उघडण्याआधी गुडघे टेकून प्रार्थना करायची, आणि ती क्षमेची नसायची. "देवा, कॉय लेडबेटरनं खणलेल्या खड्ड्यात कॉय लेडबेटरच पडू दे." एवढंच. बापाला माती दिली त्या दिवसापासूनचा हा नेम तिनं अंगात ताप असतानाही चुकवला नव्हता.

बाप म्हणजे हॉबर्ट. पूर्व केंटकीच्या त्या डोंगरांत इंजिन बांधावं तर हॉबर्टनं, असं लोक म्हणायचे. मग एका रविवारी चर्चच्या अंगणात कॉय सगळ्यांसमोर बोलला, "हॉबर्ट, तुझं नवं इंजिन फुटलं. पिस्टनचा दांडा ब्लॉक फोडून बाहेर आला. जुन्या खाणीच्या तळ्यात ढकलून दिलं मी ते." कॉय चर्चमध्ये दानाची थाळी फिरवणारा माणूस. हॉबर्टनं त्याचा शब्द पडताळला नाही. कॉयला भरपाई द्यायला त्यानं सिलिंडर कोरायचं स्वतःचं बोरिंग मशीन विकलं. पण मशीन जायच्या आधीच गिऱ्हाईक गेलं होतं. 'फुटक्या इंजिनाचा हॉबर्ट' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. दोन हिवाळे त्यानं रिकाम्या गॅरेजात खुर्ची टाकून काढले. तिसरा त्याच्याच्यानं निघाला नाही.

आणि यंदा उन्हाळा लागताना तोच कॉय पिकअप घेऊन दारात. मागच्या हौद्यात गोणपाटात गुंडाळलेला एक जुना सुपरचार्जर.

"जत्रेत गाडी उतरवायची आहे," तो म्हणाला. "हा बसवून दे. शहरातला तो शहाणा मेकॅनिक नाही म्हणतो. दोन लाख मैल पळालेलं इंजिन, म्हणे, झेपायचं नाही त्याला. म्हाताऱ्याला घोड्याचं काळीज बसवतोस का, म्हणतो!"

"खरं बोलला तो."

"भंगारातनं उचललेलं इंजिन आहे गं. मेलं तर मेलं. तुझ्या डॅडीच्यापेक्षा तर जास्त टिकलं!" स्वतःच्या विनोदाला स्वतःच हसून त्यानं टोपी मागे सारली. "जुनं मनात धरू नकोस. आणि तुलाही काम नकोय असं थोडंच आहे?"

रुथॅननं हातातला पाना पुसून बाजूला ठेवला. "ठेवून जा," ती म्हणाली.

पहिल्यांदा तिच्या मनात पापच आलं. सुपरचार्जर इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबतो. झिजलेल्या इंजिनात ती जरा जास्त कोंबली, की पिस्टन मेणासारखे वितळतात. तिला वेगळं काही करावंही लागणार नव्हतं. कॉय म्हणेल तसं बसवायचं आणि तोंड मिटून राहायचं. अख्ख्या जत्रेसमोर त्याचा धूर झाला असता.

पण हाताला वळण बापाचं. आधी तपासणी, मग काम. तिनं एकेक सिलिंडरचा दाब मोजला, आणि तिच्या कपाळावर आठी पडली. सगळ्यांचा दाब सारखा, भावंडांना खाऊ वाटून द्यावा तसा. भंगारातली इंजिनं अशी नसतात.

दुसऱ्या दिवशी सुपरचार्जरला जागा करायला तिनं वरचं हवेचं झाकण उतरवलं. खाली, सिलिंडरांच्या दोन रांगांमधली घळ काळ्या तेलानं माखलेली होती. तिनं फडक्यानं पुसली.

लोखंडात तीन रेघा होत्या. चिमणीचं पाऊल. त्याखाली मालकाच्या नावाची आद्याक्षरं, सी. एल.

इंजिन मिटण्याआधी हॉबर्ट छिन्नीनं तिथं हे पाऊल उमटवायचा. ज्या देवाचं चिमणीकडेही लक्ष असतं, त्याचं या गाडीवर असू दे, म्हणून. इंजिनाच्या बाहेरच्या अंगावरचं हॉबर्टचं नाव कॉयनं कानशीनं घासून टाकलं होतं. आतलं पाऊल त्याला ठाऊकच नव्हतं. कसं असणार? हॉबर्टचं इंजिन त्याला कधी उघडावंच लागलं नव्हतं.

रुथॅन चाकाला टेकून जमिनीवर बसली. फुटलं नव्हतं. इतकी वर्षं हा माणूस त्याच इंजिनावर बसून चर्चला येत होता, आणि डॅडी होता तोवर मान खाली घालून त्याच्यासाठी दार धरत होता.

आता हे इंजिन फोडणं म्हणजे कॉयचं खोटं आपल्या हातानं खरं करणं. आणि नुसतं सांगून तरी काय उपयोग? तो म्हणेल, पोरीनंच ठोकली खूण. ती दुसऱ्याच्या हातानं, चारचौघांत उघडी व्हायला हवी होती.

त्याला एकच वाट होती. जत्रेतल्या ओढीच्या शर्यतीत, जिथं पिकअपनं वजनाची घसरगाडी मातीतून ओढायची असते, तिथं एक रिवाज होता. जिंकलेल्या गाडीत खोट आहे असं हरलेल्यांपैकी कुणी म्हणालं, तर ते इंजिन तिथंच सगळ्यांसमोर उघडायचं. खोट निघाली तर जिंकलेला बाद. नाही निघाली तर आरोप करणाऱ्यानं भोंग्यावरून माफी मागायची, आणि जिंकलेल्यानं हात हातात घेऊन मोठ्यानं 'माफ केलं' म्हणायचं.

म्हणजे कॉयला जिंकवायला हवं होतं.

बापाची सेवा करावी तशी तिनं त्या इंजिनाची सेवा केली. थंड जातीचे प्लग घातले, पेट्रोल वाढवलं, ठिणगी उशिरा पडेल असं केलं, म्हणजे पिस्टन वितळणार नाहीत. सुपरचार्जरवर मोठी पुली बसवली, म्हणजे तो सावकाश फिरेल आणि हवा बेतानं जाईल.

"हा काय बाळाचा खुळखुळा?" पुली बघून कॉय फणकारला. "धाकटी लाव!"

"धाकटी लावलीस तर इंजिन जाईल."

"तुला काय त्याचं? तुझं आहे का ते?"

रुथॅन बोल्ट आवळत राहिली.

जत्रेच्या दिवशी तिनंही बापाच्या जुन्या पिकअपचं नाव शर्यतीत घातलं. घसरगाडी चार पावलं सरकली आणि पिकअपची चाकं मातीत रुतली.

"अगं, ढकलायला माणसं पाठवू का?" कॉय कुंपणापलीकडून ओरडला. लोक हसले. ती शेवटची आली, आणि तिला तेच हवं होतं.

मग कॉयची पाळी. त्यानं इंजिन चालू केलं. सुपरचार्जरची शीळ फार वरची होती. बॉनेट काढलेलंच होतं. पुढं धाकटी पुली चकाकत होती.

तिनं डोळे मिटले. "देवा, त्याला जिंकव," ती पुटपुटली. वैऱ्यासाठी असं मागणं तिनं जन्मात मागितलं नव्हतं. "डॅडी, इंजिन धरून ठेव."

गाडी उसळली. माती मागं कारंज्यासारखी उडाली. शीळ किंकाळीपर्यंत चढली, मध्येच लोखंडाचा एक ठोका ऐकू आला, आणखी एक, पण घसरगाडी सरकतच राहिली. पार शेवटच्या निशाणापलीकडं. कॉय छपरावर चढून नाचू लागला.

रुथॅन पंचांच्या टेबलाशी गेली. "माझी तक्रार आहे. त्याचं इंजिन नियमापेक्षा मोठं आहे."

"सुपरचार्जर बसवलास तूच ना गं?" पंच एल्झी प्रेटरनं चष्म्यावरून पाहिलं. सत्तरीचा माणूस. आयुष्य इंजिनं उघडण्यात गेलेलं.

"एल्झीकाका, उघडा तुम्ही."

"उघडा, खुशाल उघडा!" कॉय हसत आला. "मग हिची माफी ऐकायला मजा येईल!"

इंजिन निवल्यावर एल्झीनं सुपरचार्जर उचलून बाजूला ठेवला, घळीत फडकं फिरवलं आणि तो तसाच वाकून राहिला. मग त्यानं शेजारच्या पंचाला बोलावलं. त्यानं तिसऱ्याला.

"कॉय," एल्झी म्हणाला, "हे पाऊल मी शंभर इंजिनांत पाहिलंय. हे हॉबर्टचं आहे."

"असेल. भंगारात काय, कुणाचंही येतं."

"खाली सी. एल. आहे. भंगारवाल्याला तुझं नाव माहीत होतं का रे?" एल्झी सरळ झाला. "मग त्या तळ्यात काय बुडवलंस तू?"

कुंपणापाशी लोक पुढं सरकले. पंचांनी मापं घेतली. सगळी नियमात होती.

भोंग्याचा माईक रुथॅननं दोन्ही हातांनी धरला. आवाज नेहमीसारखाच हळू होता. "मी कॉय लेडबेटरची माफी मागते. त्याच्या इंजिनात खोट आहे असं मी म्हणाले. तशी नाही. दोन लाख मैल झाले, वर सुपरचार्जर बसला, वर यानं माझ्या पाठीमागं धाकटी पुली चढवली, तरी ते फुटलं नाही. कधीच फुटलं नव्हतं. माझ्या डॅडीनं बांधलंय ते."

तिनं हात पुढं केला. कॉय मागं सरू लागला. पण मागं जागा नव्हती, तिथं त्याच्याच चर्चची माणसं उभी होती.

"रिवाज आहे, कॉय," ती म्हणाली. "म्हण."

त्यानं हात दिला. तो घामानं ओला होता. "माफ केलं," तो पुटपुटला.

"ऐकू आलं नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

रुथॅननं हात सोडला नाही. "मोठ्यानं," ती म्हणाली, आणि माईक त्याच्या तोंडासमोर धरला.