टर्बोची शिट्टी

त्या शनिवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी नऊलाच दारात उभे होते.

"गाडी तिची आणि नटताय तुम्ही," आई म्हणाली.

"मी काय गिऱ्हाईक म्हणून चाललोय? तज्ज्ञ म्हणून चाललोय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय पंडित, झालं का वाचून? की अजून चार पानं राहिलीत?"

दोन आठवडे मी हाताला लागेल ते वाचत होते, त्यावरून हा टोमणा. पंडित हे माझं घरातलं नाव, शाळेत असल्यापासूनचं. मी पाठ्यपुस्तकं तपासण्याचं काम करते. आमचं ऑफिस टेकडीपलीकडे हललं आणि रोजचं साठ किलोमीटर जाणं-येणं वाढलं, तेव्हा गाडी घेणं भाग पडलं. रोजची गाडी हवी होती, पण अगदीच मिळमिळीत नको होती. वळणाआधी गिअर खाली टाकून गाडी सपकन बाहेर काढण्याचं सुख चाळिशीनंतरही मला सोडवत नव्हतं. हा रोग बाबांकडूनच लागलेला. शेवटी प्रश्न एकाच गाडीच्या दोन इंजिनांवर येऊन अडला. एक दोन लिटरचं, नॅचरली ॲस्पिरेटेड. दुसरं दीड लिटरचं, टर्बो.

"एक स्वतःच्या छातीनं श्वास घेतं," बाबांनी आईला समजावलं, "आणि दुसऱ्याच्या नाकात पंख्यानं हवा कोंबतात."

"मग पहिलंच घ्या. दुसऱ्याचे हाल कशाला?" आई म्हणाली.

बाबांचं चाळीस वर्षांचं गॅरेज होतं. अलीकडे ते सकाळचे तीन-चार तासच उघडायचे, जुनी गिऱ्हाइकं सोडत नव्हती म्हणून. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मग निदान व्हायचं: दुसऱ्या सिलिंडरचा टॅपेट, किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग. उघडलं की तेच निघायचं. शेजारच्या दुकानातले स्पेअरपार्टवाले काका त्यांना कानसेन म्हणायचे. लोक लांबून फोन करून तो बॉनेटवर धरायचे आणि बाबा स्वयंपाकघरात उभ्याउभ्या काय बिघडलंय ते सांगायचे. गेलं वर्षभर ते स्क्रू ड्रायव्हर न घेता इंजिनावर नुसता तळहात ठेवतात, हे मी पाहिलं होतं. मला ते म्हातारपणचं प्रेम वाटलं होतं.

शोरूममधल्या सेल्समनने आधी स्क्रीन दाखवायला घेतली.

"टीव्ही नंतर बघू," बाबा म्हणाले. "बॉनेट उघडा."

बॉनेटखाली इंजिनावर काळं प्लॅस्टिकचं झाकण होतं. "हे कशाला? लाजतंय का?" सेल्समन हसला. बाबांना गिऱ्हाईक हसलं की चेव यायचा, आणि आज तर ते स्वतःच गिऱ्हाईक होते. पुढचा अर्धा तास त्यांनी त्या बिचाऱ्याचा छळ केला. टर्बोला ऑइल कुठून जातं, लांबून दामटून आल्यावर इंजिन लगेच बंद केलं तर काय होतं, दहा वर्षांनी तो पंखा बदलायचा झाला तर किती सामान खाली उतरवावं लागेल. सेल्समनला निम्मं माहीत होतं. उरलेलं तो चक्क लिहून घेत होता.

आधी आम्ही दोन लिटरची गाडी घेऊन निघालो. मी चालवत होते, बाबा शेजारी, सेल्समन मागे. टेकडीच्या चढावर तिला खालच्या गिअरमध्ये घ्यावं लागत होतं. पण पाय जितका दाबावा तितकीच ती पुढे जायची, आणि त्याच क्षणी. इंजिनाच्या फेऱ्या साडेचार हजारांच्या पुढे गेल्या तसा तिचा आवाज भरदार झाला. बाबांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला.

"बघ. आत्ता विचारलं, आत्ता उत्तर," ते म्हणाले.

मग टर्बो. तोच रस्ता, तोच चढ. या गाडीने आधी थोडा विचार केला आणि मग अशी ओढ घेतली की माझं डोकं मागे टेकलं. गिअर बदलायची गरजच नाही. आणि त्या ओढीबरोबर पुढून एक शिट्टी उठली. बारीक, चढत जाणारी, दातांच्या फटीतून काढल्यासारखी. पाय उचलला की विरायची, दाबला की पुन्हा. मला हसूच आलं. खरं सांगायचं तर मला हीच गाडी हवी होती.

बाबा लक्ष देऊन ऐकत होते. मग मागे वळून सेल्समनला म्हणाले, "एक मात्र मानलं बरं का. शिट्टी अजिबात नाही. आमच्या वेळच्या टर्बो कशा केकाटायच्या! हिचं इन्सुलेशन झकास केलंय."

शिट्टी तेव्हा चालूच होती.

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी त्यांच्याकडे पाहिलं. चेष्टा करताना त्यांची एक भुवई वर जायची, ती गेली नव्हती. मागे वळताना त्यांनी पट्टा सोडला होता आणि डॅशबोर्डमधून टिंग टिंग टिंग सुरू झालं होतं. ते तसेच वळून बोलत राहिले. टिंग टिंग टिंग. आरशात सेल्समनची आणि माझी नजरानजर झाली. त्याने लगेच खिडकीबाहेर पाहिलं.

मी गाडी कडेला घेतली आणि हात लांब करून त्यांचा पट्टा लावला.

"लहान आहे का मी?" बाबा म्हणाले.

"तज्ज्ञांना जास्त जपावं लागतं," मी म्हटलं.

बोलायचं होतं ते तिथेच, त्या कडेला. मी बोलले नाही. परतीच्या वाटेवर ते रंगात आले होते. रोजच्या गाडीला टर्बो का नको याची त्यांनी सात कारणं सांगितली आणि शेवटी म्हणाले, "पण खरं कारण आवाज. दोन लिटरवालीच्या आवाजात खोट नाही. कान फसत नाहीत, पंडित." मी "हो बाबा" म्हटलं. मनात म्हटलं, आज नको. आज किती दिवसांनी असे खुलले आहेत. गाडी बुक होऊ दे, मग कधीतरी सवडीने कानांच्या डॉक्टरकडे नेऊ. कान काढून घेतले तर या माणसापाशी काय उरेल, असं मला वाटलं. मला ती माया वाटत होती.

सोमवारी सकाळी साडेनऊला, गॅरेजच्या बाजूच्या गल्लीत, लाँड्रीची व्हॅन मागे येत असताना बाबा तिच्याखाली आले आणि जागीच गेले. ते गल्लीकडे पाठ करून शटरचं कुलूप काढत होते. उघडल्यावर मागे सरले, दोन पावलं.

व्हॅनचा ड्रायव्हर पहिल्या मिनिटापासून एकच सांगत होता. रिव्हर्सचा बझर चालू होता, तो वाजत होता, पूर्ण वेळ वाजत होता. पण धडकेत मागचा बंपर आत गेला आणि बझरची वायर तुटली. आधी तो वाजत होता की नाही हे आता कोणीच सिद्ध करू शकत नव्हतं. स्पेअरपार्टवाले काका तेव्हा दुकानाच्या आतल्या बाजूला होते.

तिसऱ्या दिवशी तपास अधिकारी घरी आले. समजूतदार गृहस्थ होते. पाणी घेतलं, टोपी मांडीवर ठेवली आणि विचारलं, "त्यांना ऐकायला कमी येत होतं का?"

"ह्यांना?" आई जवळजवळ हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. "अहो, पलीकडच्या खोलीत नट पडला तर कितीचा ते सांगायचे. कोणालाही विचारा. बझर वाजलाच नसणार. वाजला असता तर हे हलले नसते?"

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

"आई म्हणते तसंच," मी म्हटलं.

हे तीन शब्द मी नंतर अनेक वेळा तपासले. तपासणं हा माझा धंदाच आहे. एखादं वाक्य खरं नसलं तरी अगदी खोटंही ठरू नये, अशी त्याची रचना करता येते. हे वाक्य तसंही नव्हतं. ते सरळ खोटं होतं.

आई त्या ड्रायव्हरच्या रागावर दिवस काढत होती. सकाळी उठायची ती त्याचं नाव न घेता त्याला बोलतच. राग आला की जेवायची, राग ओसरला की ताट सरकवून बसून राहायची. दहा-बारा दिवसांनी स्पेअरपार्टवाले काका भेटायला आले, बराच वेळ कोपऱ्यातल्या बाबांच्या खुर्चीकडे बघत बसले आणि जाताना दारात मला म्हणाले, "त्या ड्रायव्हरचं लायसन्स जातंय बहुतेक. शिक्षाही होईल म्हणतात. एकोणीस वर्षं गाडीला ओरखडा नाही म्हणे. माझ्या दुकानात येऊन रडला गं. म्हणतो, मी बझर ऐकत ऐकतच मागे घेत होतो." मग जरा थांबून म्हणाले, "पण आपल्या कानसेनला ऐकू आलं नाही म्हणजे तो खोटंच बोलत असणार, नाही का?"

मी त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या.

त्याच आठवड्यात सेल्समनचा फोन आला. बाबांचं कळल्याचं बोलला, चाचरत बोलला, आणि मग म्हणाला, दोन्ही गाड्या अजून आहेत, घाई नाही. मी म्हटलं, उद्या येते. गाडीसाठी मी गेले नव्हते. मला ती शिट्टी पुन्हा ऐकायची होती. ऐकायची म्हणजे, ऐकू येऊ नये असं वाटत होतं. कदाचित त्या दिवशी काच किंचित उघडी असेल. कदाचित ती शिट्टी इतकी हलकी असेल की साठीपुढच्या कोणाच्याही कानावरून निसटावी. मग बाबांचं एवढं काही बिघडलेलं नव्हतं असं ठरलं असतं, आणि मलाही एवढं काही कळलेलं नव्हतं असं.

मी सगळ्या काचा वर केल्या. एसीचा पंखा मोठा केला. चढाला लागले आणि पाय दाबला.

ती होतीच. पंख्याच्या आवाजावरून, टायरांच्या आवाजावरून, सरळ वर चढत गेलेली.

सेल्समन शेजारी बसला होता. "त्या दिवशी साहेब शिट्टी नाही म्हणाले," तो हळूच म्हणाला, "मी म्हटलं, कशाला बोलायचं. माझ्या आजोबांचं असंच झालेलं. मोठे आवाज सगळे यायचे, बारीक तेवढे गेले. दाराची बेल गेली, घड्याळाचा गजर गेला. मशीनवर काम केलेल्यांचं होतं तसं. तुम्हाला घरात माहीत असणारच."

मी पंखा बंद केला. त्याला ते उत्तर पुरलं असावं.

मग मी दुसरी गाडीही मागून घेतली. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. दोन लिटरची गाडी त्याच चढावर नेली आणि डावा हात गिअरवरून उचलून डॅशबोर्डवर ठेवला, बाबांनी ठेवला होता तिथे. अडीच हजारांना एक थरथर हातात येते, साडेतीनला ती जाते, पुढे सगळं एकसंध होतं. टर्बोच्या गाडीत ही थरथर मधेच गळून पडत होती आणि मग धक्क्यासारखी परत येत होती. बाबांची ती सात कारणं मला एकेक करून आठवली. क्लचचं वजन, पायाला मिळणारं उत्तर, चढावर वाहनांच्या रांगेत हळू जाताना टर्बोची होणारी कुतरओढ, ऑइल. सातही बरोबर होती. एकालाही कान लागत नव्हता. ते वर्षभर तळहाताने इंजिनं ऐकत होते आणि चुकत नव्हते. त्यांना कळलं असतं की बारीक आवाज गेलेत, तर ते दोन दिवस चिडले असते, तिसऱ्या दिवशी त्यावर एखादा विनोद केला असता, आणि गल्लीत पाठ करून उभं राहणं सोडलं असतं. कान गेले तर काही उरणार नाही, असं मीच ठरवून टाकलं होतं. चाळीस वर्षं त्यांच्या हाताखाली वाढून मी त्यांना एवढंच ओळखलं होतं.

"मग कोणती, मॅडम?" सेल्समनने विचारलं.

"ही. दोन लिटरची."

"साहेबांची पसंती," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अकराला आम्हाला जबाबावर सही करायला बोलावलं होतं. मी घरून निघताना आईला सांगणार होते. ती केस विंचरत होती, तेव्हा सांगणार होते. रिक्षात सांगणार होते. आईने रिक्षात माझा हात धरला आणि म्हणाली, "तू आहेस म्हणून मी उभी आहे गं," आणि ते जमलं नाही.

अधिकाऱ्यांच्या खोलीबाहेर बाकावर ड्रायव्हर बसला होता. पन्नाशीचा, सडपातळ, शर्टाची सगळी बटणं लावलेला. आम्हाला बघून उभा राहिला. आई त्याच्यासमोरून ताठ मानेने आत गेली. मी मागोमाग जाताना तो मला म्हणाला, "ताई, मी खरंच बघून घेत होतो." मी मान खाली घातली.

अधिकाऱ्यांनी कागद मोठ्याने वाचला. तारीख, वेळ, जागा. मग, "मृताची श्रवणशक्ती उत्तम होती, असे त्यांची पत्नी व मुलगी यांचे म्हणणे आहे."

आईने सही केली. मग तिने पेन माझ्यापुढे सरकवलं. दार अर्धवट उघडं होतं आणि बाहेर तो ड्रायव्हर अजून उभाच होता, त्याला कोणी बसा म्हटलं नव्हतं. मी पेन उचललं. माझ्या नावापुढची जागा मोकळी होती. मी पेन खाली ठेवलं.

"काय झालं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. आईकडे वळले.

"आई, बाबांना बारीक आवाज ऐकू येत नव्हते. गाडीतली शिट्टी त्यांना ऐकू आली नाही, पट्ट्याची घंटा ऐकू आली नाही. मला शनिवारीच कळलं होतं. मी त्यांना सांगितलं नाही."